तळ्यातलं जनावर

तळ्यात म्हणे लांब मानेचं जनावर आहे. मावशीचा नवरा होडीसकट बुडाला, तेव्हा त्यानंच ओढून नेला, असं होडीमालकानं गावभर पसरवलं. मग जनावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि मालकाची चांदी झाली. होड्या मात्र त्याच, भोकांत चिंध्या कोंबलेल्या. हातावर पोट, म्हणून मावशी आता त्याचीच होडी वल्हवते.

काल एका पाहुण्यानं कॅमेरा सरसावत विचारलं, “खरंच आहे का हो ते?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वल्हं ठेवलं आणि त्याच्या पायाजवळच्या कुजक्या फळीतला चिंध्यांचा बोळा ओढून काढला. पाणी भसाभसा आत आलं.

“हे बघा, आलं वर,” ती म्हणाली. “ह्यानंच खाल्लं माझ्या नवऱ्याला. काढा फोटो.”