सतरा नंबरची बोट

मला चित्रकलेतलं काहीही कळत नाही. हे मी विनयानं म्हणत नाही. याच पात्रतेवर माझी मुख्य परीक्षक म्हणून निवड झाली होती.

आमच्या हाउसिंगमध्ये (कोलकात्यात सोसायटीला हाउसिंग म्हणतात) दर हिवाळ्यात ‘बोशे आँको’ असते, म्हणजे बसून चित्र काढायची स्पर्धा. सतरंज्या अंथरायच्या, दोन तासांत चित्र काढायचं, संध्याकाळी बक्षीस. लहान मुलांचा गट शांततेत पार पडतो. मोठ्यांच्या गटात मात्र आदल्या वर्षी निकालावरून अशी जुंपली होती, की दोन मजल्यांमधलं मिठाईचं येणंजाणं अजून बंद होतं. त्यामुळे यंदा सेक्रेटरी तपनबाबू सकाळीच माझ्या दारात उभे.

“कानिटकरबाबू, आप तो आर्ट कुछ नहीं समझता है ना?”

“अजिबात नाही.”

“दारुण!” (बंगालीत दारुण म्हणजे झकास. हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर सगळी वस्ती माझी कीव करतेय असंच वाटायचं.) “आपला कोणी नातेवाईक नाही, कोणत्या गटात आपण नाही. शिवाय आपण जहाजं तपासता. आपणच पाहिजेत!”

मी गार्डन रीचला जहाजांच्या वेल्डिंगचे सांधे तपासतो. सांधा पास किंवा नापास. ‘या सांध्यात एक हुरहुर आहे’ असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तेव्हा चित्राचंही असंच काहीतरी करता येईल, असं मला वाटलं. आठवडाभर बसून मी तक्ता तयार केला. प्रमाणबद्धता वीस गुण, रेषा वीस, स्वच्छता वीस, विषयाशी संबंध वीस, वास्तवता वीस. चित्रांवर नावं नाहीत, फक्त नंबर. रंगवणं चालू असताना परीक्षक लायब्ररीत बंद. आणि पारदर्शकता म्हणून प्रत्येक चित्रावरचा लेखी शेरा मंचावरून मोठ्यानं वाचायचा. (हे शेवटचं कलम माझंच. कमिटीनं मला दोनदा विचारलं होतं, “नक्की?”)

“तू चित्रांची पण टेस्ट घेणार?” माझी सोळा वर्षांची मुलगी रेवा म्हणाली. तिचं मराठी इथेच वाढलंय, त्यामुळे त्याला मधेमधे मासळीचा वास येतो. “बाबा, हे खूब बाजे आयडिया आहे.” (बाजे म्हणजे भिकार.)

“वस्तुनिष्ठ आयडिया आहे,” मी म्हणालो. “वसुधा, बघ गं तक्ता.”

“छान आहे,” बायको न बघता म्हणाली. मला जरा लागलं. पण तो सूर ओळखीचा असूनही मी ओळखला नाही. गेली बावीस वर्षं तिनं काहीही दाखवलं, की मी असंच वर न बघता ‘छान’ म्हणतो.

स्पर्धेच्या रविवारी वसुधा सकाळीच ‘बराकपूरला मंजूकडे जाते’ म्हणून निघून गेली. मंजू ही तिची मैत्रीण, मिलिटरीतल्या नवऱ्याबरोबर तिकडे राहते. वर्षभर दर गुरुवारी वसुधा सियालदहहून गाडी पकडून तिच्याकडे जायची. परत यायची तेव्हा नखांत निळा रंग असायचा. मी समजायचो, कपड्यांची नीळ. (मी आयुष्यात लपलेले तडे शोधण्याचा पगार घेतो, हे इथे पुन्हा सांगायला हवं का?)

चित्रं आली. विषय होता ‘माझं कोलकाता’. माझ्या जोडीला परीक्षक होत्या शेफालीदी. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या, बारीकशा, गळ्यात साखळीचा चष्मा. मी टेप आणि कोनमापक काढल्यावर त्यांनी तो चष्मा लावला, मला नीट पाहिलं, आणि काढला.

आठ नंबरचं चित्र आमच्याच इमारतीचं होतं. चोवीस खिडक्या, मिलिमीटरचा फरक नाही. शहाण्णव गुण! मग आला नंबर सतरा. नदीवरची फेरीबोट. बोट डावीकडे कलंडलेली. डाव्या कठड्याशी अकरा माणसं एकमेकांवर रेलून, हात लांब करून कशावर तरी झेपावलेली. ते ‘कशावर तरी’ म्हणजे अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा एक गोळा. उजव्या कोपऱ्यात एक जाडसर पाठमोरा माणूस, कठड्यावर ओणवा.

“आहा,” शेफालीदी म्हणाल्या.

“कसली आहा? ही बोट बुडणार!” मी कोनमापक लावला. “बारा अंश कलली आहे.”

“बुडू द्या ना.”

“मॅडम, वास्तवतेला वीस गुण आहेत.”

“आणि ‘आहा’चा रकाना कुठे आहे तुमच्या तक्त्यात?”

“आहा मोजता येत नाही.”

“तेच तर,” म्हणून त्यांनी माझ्याकडे पेन सरकवलं. मी त्या चित्राकडे चारदा परत गेलो. एकदा कोन तपासायला, एकदा माणसांचं वजन अंदाजायला, एकदा कोन पुन्हा तपासायला. चौथ्यांदा का गेलो ते आठवत नाही. मग अठ्ठावीस गुण दिले. सगळ्यांत खाली.

संध्याकाळी मांडव गच्च भरला. पहिला नंबर जाहीर झाला: चोवीस खिडक्या, चित्रकार तपनबाबू! (बिल्डरचा नकाशा खाली ठेवून गिरवलं होतं, हे त्यांनी निरागसपणे माइकवरच सांगितलं.) मांडवात कुजबुज सुरू झाली. मग पारदर्शकतेचा कार्यक्रम. शेरे वाचायला, आवाज चांगला म्हणून, रेवाला उभं केलेलं. नंबर सतराला ती आली.

“‘ही नौका तरंगण्यास अयोग्य आहे,’” ती वाचू लागली. हशा. “‘तपकिरी-पांढरी वस्तू: फुटबॉल? नक्की काय ते स्पष्ट करावे.’” मोठा हशा. मी विनम्रपणे मान डोलावली. “‘उजव्या कोपऱ्यातला माणूस काय करतो ते कळत नाही. त्याचा चित्राला उपयोग नाही. काढून टाकावा.’”

लोक टाळ्या देऊन हसत होते. मग रेवानं कागद उलटा केला, मागचं नाव पाहिलं, आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, “आई?”

तिसऱ्या रांगेतून वसुधा उठली. बराकपूरला गेलेली वसुधा! मंचावर आली, सहभागाचं प्रमाणपत्र घेतलं (ते मुख्य परीक्षकांच्या हस्ते होतं), आणि मला म्हणाली, “थँक्यू.” आमच्या घरात थँक्यू म्हणण्याइतकं गंभीर याआधी काही घडलं नव्हतं.

घरी आल्यावर मी सुरुवात केली, “मला सांगितलं असतंस तर…”

“तर तुम्ही ‘छान’ म्हणाला असतात.” ती कपाटात प्रमाणपत्र ठेवत होती. “मला तुमचं खरं मत हवं होतं, अहो. माझं आहे हे माहीत नसताना. ते मिळालं. तक्रार नाही.”

तक्रार नाही, हे तिनं इतक्या सरळ सांगितलं की मला बसायला खुर्ची शोधावी लागली. पुढच्या गुरुवारी ती बराकपूरला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंजूचा फोन आला तर म्हणाली, “बघू गं.” तिची नखं स्वच्छ झाली. घरात सगळं पूर्वीसारखं होतं, माझा रोज सकाळचा दुधीचा रससुद्धा. (माझं वजन हा तिचा दुसरा दीर्घकालीन प्रकल्प.) फक्त ती नखं मला बघवेनात.

चित्र रेवानं हॉलमध्ये टांगलं, बरोबर माझ्या खुर्चीसमोर. “रस पिताना बघायचं,” तिनं शिक्षा सुनावली.

तिसऱ्या दिवशी मी वसुधाला म्हणालो, “बरं का, चित्र खरंच छान आहे.”

“काय छान आहे?”

“रंग.”

“कोणता?”

“निळा,” मी ठोकून दिलं. नदी म्हणजे निळा असणारच.

“पाणी करडं आहे. आकाश करडं आहे,” ती म्हणाली. “निळा एकाच ठिकाणी आहे.” आणि आत गेली.

मी शेफालीदींकडे गेलो. दार उघडताच विचारलं, “चित्र चांगलं की वाईट हे ठरवतात कसं? आज मला नीट सांगाच.”

त्यांनी चहा टाकला. “चाळीस वर्षं मुलांना मार्क दिले. हात कच्चा की पक्का, ते सांगता येतं. सतरा नंबरचा हात कच्चा आहे. माणसांची कोपरं पाहिलीत?”

“पाहिली! एकाला दोन आहेत, एकाच हाताला!”

“हां. तर तिथवर तुमचा तक्ता चालतो. त्याच्यापुढे मला तरी कुठे कळतं? मी फक्त बघते, माणूस परत कुठे जातो. त्या चोवीस खिडक्यांसमोर तुम्ही किती वेळ होतात?”

“दोन मिनिटं.”

“आणि बोटीसमोर?”

मी दुसऱ्या चहासाठी कप पुढे केला.

रविवारी सकाळी रेवानं थालीपिठाबरोबर लोणचं हवं म्हणून फळीवरची बरणी काढली आणि टेबलावर, चित्राच्या बरोबर खाली ठेवली. सासूबाईंनी दिलेली चिनी मातीची बरणी. वर तपकिरी, खाली पांढरी. मी रसाचा पेला तोंडाला लावला आणि तसाच थांबलो.

सहा वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही हावड्याला उतरलो, त्या दिवशी टॅक्सीपेक्षा फेरी बरी, असं गणित मी मांडलं होतं. सामानासकट बोटीत चढलो. मधेच धक्का बसला आणि ही बरणी वसुधाच्या हातून निसटून गडगडत कठड्याकडे निघाली. ती ओरडली, “आईचं लोणचं!” तिथल्या एकालाही मराठी येत नव्हतं. तरी अख्खी डावी बाजू झेपावली आणि बरणी झेलली गेली. बोट खरोखर कलली होती! आणि या शहराशी वसुधाची ती पहिली ओळख.

“वसुधा!” मी ओरडलो. “चित्र बरोबर आहे! बोट अशीच कलली होती! बारा अंश अगदी शक्य आहे! वास्तवता वीसपैकी वीस!”

ती पोळपाट पुसत बाहेर आली. “बरोबर असेल. चांगलं आहे का?”

“म्हणजे?”

“बरणी पडलीच नसती, मी मनानं काढलं असतं, तर वाईट झालं असतं?”

मी पुन्हा चित्राकडे गेलो. (पाचव्यांदा.) या वेळी हातात टेप नव्हती. अकरा माणसांचे हात बघितले, तो दोन कोपरांचासुद्धा. इतक्या लांब पोचायला त्याला दुसरं कोपर लागलंच असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मग नजर उजवीकडे सरकली. जाडसर माणूस. सगळ्यांकडे पाठ. कठड्यावर ओणवा होऊन वेल्डिंगचा सांधा तपासतोय. अंगात शर्ट. निळा.

चित्रातली ती एकच निळी जागा. वर्षभर दर गुरुवारी मंजूकडे गिरवलेली, नखांत राहिलेली.

“हा… मी आहे?”

“कोण?”

“हाच. उपयोग नसलेला.”

रेवानं लोणच्यात बोट घालून ठेवलं आणि आमच्याकडे बघत राहिली.

“तुमचा शेरा ऐकल्यावर खरंच विचार केला,” वसुधा म्हणाली. “काढून टाकावा का याला. सोपं होतं, वरून करडा रंग मारला की पाणी.”

“मग?”

“मग बोट उलटते.” तिनं ओल्या बोटानं चित्रातल्या गर्दीकडे दाखवलं. “अकरा जण डावीकडे. उजवीकडे एकटे तुम्ही. तोलून धरायला दुसरं कोण आहे तिथे?”

“म्हणजे माझ्यामुळे…”

“तुमच्या वजनामुळे,” ती म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

पुढच्या गुरुवारी तिनं सियालदहहून गाडी पकडली. चित्र चांगलं की वाईट, ते मी अजूनही सांगू शकत नाही. आल्यागेल्याला मी फक्त त्याच्यासमोर बसवतो आणि कोणी परत वळून बघतं का, ते बघतो. दुधीचा रस मात्र मी त्याच रविवारी कायमचा सोडला. बोटीचा तोल आता माझ्यावर आहे, आणि कलेसाठी एवढा त्याग करायला मी तयार आहे.