तीन नकाशांत न सापडलेलं पोड

गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी मी एका सरकारी कचेरीत कंत्राटी ऑपरेटर होते. पिकांची पाहणी तेव्हा प्रथमच नकाशावरून व्हायची होती. ते शिकवायला शहरातून एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं पडद्यावर तीन नकाशे उघडले. एक जिल्ह्यातल्या गावांचा, दुसरा गावातल्या गटांचा, तिसरा उपग्रहावरून काढलेला. एकात गाव शोधलं की बाकीचे दोन आपोआप तिथंच सरकायचे.

"आता बांधावर जायची गरजच नाही," तो म्हणाला.

बांधावर जायची गरज त्याला आयुष्यात कधी पडली असेल, असं त्याच्या बुटांकडे पाहून वाटत नव्हतं. आमच्या साहेबांना मात्र भलताच आनंद झाला. उन्हात न जाता पाहणी उरकणार म्हटल्यावर त्यांनी त्या पोराला स्वतःच्या हातानं चहा दिला. आम्हाला त्यांनी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी एक कोलाम बाई कचेरीत आली. साठीची असेल. तिचं पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, पांढरकवड्याच्या पुढं जंगलाच्या कडेला होतं.

"माह्या वावरात कोनी आलंच नाही वं बाई. अन् यादीत लिवून टाकलं, पीक चांगलं हाये म्हनून."

मी यादी पाहिली. खरंच तिच्या नावापुढं 'पीक निरोगी' असं लिहिलेलं होतं, म्हणजे नुकसानभरपाई नाही. मी पोडाचं नाव टाकून शोधलं. नकाशा सर्रकन सरकला आणि थेट नेरच्या बाजूला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. तिथं त्याच नावाचं एक गाव होतं. दुसऱ्या नकाशात तिचाच गट नंबर होता आणि तिसऱ्यात ओलिताचं हिरवंगार वावर. कुणा भलत्याचंच.

मी साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"तिन्ही नकाशे एकमेकांशी जुळतात ना?"

"जुळतात सर, पण गावच दुसरं आहे."

"जुळतात तर चूक कशी असेल, मॅडम? त्या बाईला आपलं गाव धड माहीत नसेल."

ती बाई समोरच उभी होती. साठ वर्षं जिथं राहिली ते गाव तिला माहीत नाही, हे तिच्यादेखत बोलायला त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्या माणसाच्या हाताखाली मी काम करत होते, याची त्या दिवशी मला शिसारी आली.

रविवारी मी बसनं निघाले. बाई फाट्यावर घ्यायला आली होती. अर्धा तास चालल्यावर पोड आलं. वाटेत मी म्हटलं, "मावशी, तीन दिवस शोधत होते मी तुमचं गाव."

"त्या डब्यात कायले हुडकून राह्यली होती? बसच्या कंडक्टरले इचारलं असतं, त्यानं सांगतलं असतं."

वावरात तिनं एक बोंड तोडून नखानं फोडलं. आत किडून कवडी झालेला कापूस आणि गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. सगळ्यांत तेच. मी मोबाइलवरून जागेची नोंद पाठवली. लगेच उत्तर आलं: 'हे ठिकाण गावाच्या हद्दीत नाही.' मग मी वहीतला कागद फाडून हातानंच कच्चा नकाशा काढला, नाला, टेकडी, वावर, आणि पोडातल्या पाच जणांचे अंगठे घेतले.

साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून परत दिला. म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत इंजिनिअर बोलत असताना मी उठले आणि त्याला ते पोड शोधून दाखवायला सांगितलं. त्यानं हसत हसत नाव टाकलं. नकाशा नेरकडं गेला. त्यानं पुन्हा टाकलं, पुन्हा नेर. सभागृहात हशा पिकला. आमचे साहेबही हसत होते, जसं काही त्यांचा यात काही संबंधच नाही. मोठ्या साहेबांनी माझा कागद मागून घेतला आणि पथक पाठवायला सांगितलं.

पथक गेलं, पण महिन्यानं. तोवर बाईनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून वावर मोकळं केलं होतं. बांधावर सरपणाचा ढीग होता. पथकातल्या माणसांनी मोकळ्या वावराचे फोटो काढले. 'पाहणीवेळी पीक आढळले नाही' असा शेरा आला आणि तो संगणकात मी भरला. नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही.

पुढच्या बाजाराला ती कचेरीत आली. काय लिहिलं ते मी खाली मान घालून वाचून दाखवलं. ती चिडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी मी साहेबांकडं पाहायचे तसं, आणि म्हणाली, "तू तं सोता पाह्यलं होतं ना वं?"

त्यानंतर ती कधी आली नाही. पुढच्या वर्षी तिनं ज्वारी पेरल्याचं फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडून कळलं. मी त्या कचेरीत आणखी दोन वर्षं काढली.