दिवाणखान्यातली हळद

नरसीच्या वाटेवरचा तो दगडी बंगला बघायला आता शहरातली माणसं येतात. खांबांवरून हात फिरवतात, बांधणाऱ्या साहेबाचं कौतुक करतात, आणि व्यंकटरावांच्या घराण्यानं वास्तू किती निगुतीनं जपली म्हणून माना डोलावतात. घराण्यानं जपली म्हणे! त्या घराण्यातल्या एकानं तरी कधी कौल हातात धरलं होतं का?

बंगला जपला जिवनबाईनं. हिंगोलीच्या छावणीतल्या कुण्या साहेबानं घोड्यांच्या चाऱ्यासाठी इथं शेत घेतलं आणि शेतातच हा बंगला उठवला. छावणी गेली, तेव्हा तो व्यंकटरावांच्या वडिलांकडं आला. एकतीस साली संतराम गवंडी आणि त्याची बायको जिवनबाई मागच्या स्वयंपाकखोलीत राहायला आली. दर उन्हाळ्यात संतराम छपरावर चढून कौलं फेरायचा, ती खालून एकेक झाडून वर द्यायची. भिंतींना चुना तीच द्यायची. अडतीस साली संतराम त्याच छपरावरून पडला आणि जागीच गेला.

त्याचे दिवस झाले आणि व्यंकटरावांनी तिला दिवाणखाना बंद केला. जाड भिंतींमुळं तिथं गारवा असे, म्हणून हळदीचं बेणं उन्हाळाभर तिथंच पाल्याखाली झाकून ठेवत. हळदीला विधवेचा हात नको, अशी रीत. मागची खोली मात्र राहू दिली, कारण चुना द्यायला हात हवाच होता! बाहेरच्या भिंतीला तो हात चालत होता, आतल्या हळदीला चालत नव्हता. दहा वर्षं जिवनबाई उंबऱ्याबाहेरून मान लांब करून आतली ओल बघत राहिली. ज्या छपरानं नवरा खाल्ला, त्याच्याखाली उभं राहायची तिला बंदी. राग यायचा, ती गिळायची.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं गावं रिकामी व्हायला लागली. व्यंकटरावांनीही गाडी जुंपली आणि पैनगंगेपलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात निघाले. जाता जाता म्हणाले, "जिवनबाई, बेण्यावर ध्यान ठेव. पण आत पाय टाकू नको."

"आत न जाता कसं ध्यान ठेवू, मालक?"

"दारातून बघ."

आठवड्याच्या आत वादळ आलं. छपराचा एक कोपराच उडाला आणि पाणी थेट ढिगावर कोसळू लागलं. बेणं कुजलं तर वर्षाची हळद गेली, आणि वासे भिजत राहिले तर बंगलाही गेला, म्हणजे तिचा निवाराही गेला. तरी उंबऱ्याशी तिचं पाऊल अडलं, खोटं कशाला सांगा? मग तिला स्वतःचाच असा संताप आला की पदर खोचून ती आत शिरली.

गावातच राहिलेला दस्तगीर, संतरामचा जोडीदार, पावसातच धावत आला. "भाभी, मी वर चढतो, तुमी कौलं द्या," म्हणाला. दोघांनी मिळून छप्पर झाकलं. पुढचे चार दिवस जिवनबाईनं बेणं निवडलं, कुजकं फेकलं, चांगलं सावलीत सुकवून पुन्हा रचलं. मृग आला, बेण्याला कोंब फुटले, मालकांचा पत्ता नव्हता. शेवटी दस्तगीरनं सऱ्या पाडल्या, आणि त्याच्या घरच्या बाया व जिवनबाई यांनी दोन एकर हळद लावून काढली.

पोलीस ॲक्शन झाली आणि नवरात्राच्या तोंडावर व्यंकटराव परतले. शेतात कमरेएवढी झालेली हळद बघून हरखले, धड छप्पर बघून हरखले. मग बेण्याला हात कुणी लावला ते कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात गोमूत्राचे हंडे आले, आणि व्यंकटरावांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, फरशी धुवायला घेतली.

जिवनबाई दाराशी आली. "हे काहून करून राहिले, मालक?"

"रीत हाय, बाई. तू आत गेली व्हती. मनावर घेऊ नको."

मनावर घेऊ नको! दहा वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. जिवनबाई सरळ आत गेली आणि ओल्या फरशीवर मधोमध मांडी घालून बसली.

"ऊठ!" व्यंकटराव ओरडले. "पुन्हा धुवावं लागंल!"

"धुवा की. पण आधी शेतातली हळद उपटा. समदी. तीबी ह्याच हातानं लावली हाय. ती उकिरड्यावर टाका, मंग उठते मी."

व्यंकटरावांनी दारातून शेताकडं पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "हंडे उचला."

हंडे गेले, पार्वतीबाई गेल्या, मालकही गेले. शेतातलं एकही रोप कुणी उपटलं नाही, म्हणून जिवनबाईही उठली नाही. दुपारची भाकरी तिनं तिथंच बसून खाल्ली.