विमानाच्या चाकापुढचा नारळ

माझ्या आजोबांवर अन्याय झाला तो मी चौथीत असताना, सव्वीस जानेवारीला, राजुरीच्या शाळेत. करणाऱ्यांत मीही होतो.

काल ओतूरला नव्या ट्रॅक्टरपुढं नारळ फुटला, ओला गोड वास आला आणि तो दिवस धावतच आला. शाळेच्या भिंतीवर फोटो होता, मुंबईहून लंडनला निघालेल्या अगदी सुरुवातीच्या विमानांपैकी एकाचा. शिडीवर हार घातलेले प्रवासी, खाली साहेबांची नावं. झेंडावंदनाला आलेले, तरुणपणी मुंबईच्या विमानतळावर हमाली केलेले, ऐंशी पार केलेले आजोबा तो बघून अक्षरशः नाचले.

"आरं, ह्याच्या चाकापुढं म्या नारळ फोडला! एवढा लांबचा पल्ला, तसंच कसं सोडायचं? साहेब वरडला, टायर फाटंल म्हणून!"

"मग फोटोत तुम्ही कुठायत?" गुरुजी हसले. वर्ग हसला. मीसुद्धा.

"चाकाखाली व्हतो ना, गुरुजी. करवंटीचे तुकडे येचत. एक बी ठेवला न्हाई!"

तेव्हा मला लाज वाटली होती. आज छाती फुगते आणि संतापही येतो. ते विमान उडालं ते आजोबांनी गुडघ्यांवर बसून साफ केलेल्या जमिनीवरून, आणि फोटोखाली त्यांचं नाव नाही.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस अशा फोटोत दिसत नसेल, तर ते तेव्हा कुठं होतं, हे आजच विचारा. आणि त्याचं नाव फोटोखाली शाईनं लिहा.