देखणे कासव

बाबूअण्णा कासार जेवायला बसत ते कासवाला भरवून झाल्यावरच. देवापुढून उठलेले नैवेद्याचे ताट सरळ परसदारी जाई. तिथे ओट्यावर, गोणपाटाच्या घडीवर लक्ष्मी बसलेली असे. अण्णा वरणभात कालवून, वर तूप सोडून, तर्जनीवर एकेक घास घेत आणि तिच्या तोंडापुढे धरीत. ती मान लांब करून तो उचलून घेई. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी विचारले, "कासवाला गवत लागत नाही का?"

अण्णांनी वळूनही पाहिले नाही. "देवाला तुम्ही गवत दाखवता काय ओ?"

"गणपतीला दुर्वा वाहतो की."

"वाहता. जेवायला मोदकच घालता न्हवं?"



अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. हुबळीत कमरीपेठेत त्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते आणि त्याच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी रेल्वेच्या हिशेब कचेरीत होतो, म्हणून अण्णा मला नावाने हाक न मारता 'हिशेबनीस' म्हणत. त्यांचे पणजोबा सांगलीकडून आलेले. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि रागावले की दोन्ही.

लक्ष्मी ही नक्षत्री जातीची. काळ्याभोर कवचावर प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळी टिकली आणि टिकलीपासून चारी बाजूंना पिवळ्या रेघा. पूर्वेकडच्या कोरड्या माळांवरून अशी कासवे कधीकधी संतेत, म्हणजे आठवड्याच्या बाजारात, विकायला येत. ती पाळण्याचा नाद हुबळी-धारवाडात बऱ्याच जणांना होता. रविवारी त्यांतले चारपाच जण अण्णांच्या दुकानात जमत आणि लक्ष्मीला परसातून आणून गादीवर ठेवले जाई. 'भाळ छंद ऐतरी' असे कानडीत म्हणून, म्हणजे फार सुरेख आहे असे म्हणून, ते तिच्याकडे पाहत बसत.

मी आकडेमोडीचा माणूस. सुरेख म्हणजे कशामुळे, हे कोणी फोड करून सांगितल्याशिवाय मला समजत नाही. अण्णांनी ती फोड करून दिली.

"रेघ तुटली न्हाई पाहिजे. टिकलीपासनं काठापर्यंत एका हातानं ओढल्यागत गेली पाहिजे. काळं ते काळंच पाहिजे, तपकिरी चालत न्हाई. हे दोन झालं. हे देव देतो. तिसरं आपण द्यायचं."

"ते काय?"

"उभार." त्यांनी तिच्या पाठीवरून तळहात फिरवला. "सपाट कासव म्हणजे पत्र्याचं ताट. पोटाला बरं मिळालं की एकेक खवला वर येतो. बघा, हातोडीनं मठारून काढल्यागत."

आणि ते खरेच होते. पाठीवरचे तेराही खवले छोट्या शिखरांसारखे वर आले होते. संध्याकाळचे ऊन आडवे पडले की प्रत्येक शिखराची सावली शेजारच्या शिखरावर पडे. दुसऱ्यांची कासवे तिच्याजवळ ठेवली की निकृष्ट दिसत. हे मलाही दिसे. मलाही ती सुंदर वाटे.

एका रविवारी एका सरकीच्या व्यापाऱ्याने किंमत विचारली. अण्णा म्हणाले, "विकायला ती काय हंडा हाय?"

"मग काय हाय?"

"घरची लेक हाय."

"लेक तरी लोक देतातच की, अण्णा!"

"एक दिली की, आमच्या गंगूच्या लग्नात, तिच्यासंगट अमरगोळला. हिला घरजावई केलाय."

लोक हसले. घरजावई म्हणजे त्यांनी मुद्दाम मिळवून आणलेला एक लहानसा नर. त्याच्या रेघा अण्णांनी महिनाभर निरखल्या आणि मगच त्याला घरात घेतले. कारण अण्णांना एकच गोष्ट हवी होती. लक्ष्मीचे पिल्लू. "एवढं रूप एकटीबरोबर जाऊ नये ओ," असे ते म्हणत. पितळेचे भांडे मोडले तर त्याच घाटाचे दुसरे करता येते; हिचा घाट कुठून आणायचा, ही त्यांची काळजी होती.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्ष्मी वाळूच्या टोपात अंडी घाली. टरफल कांद्याच्या सालीसारखे पातळ. काही वाळूतच फुटत, काही अण्णांच्या हातात. अण्णांनी वाळू बदलली, टोप बदलला, नवस बोलले, सोमवार धरले. तूपही वाढवले. पाडव्याला दुकानातल्या तराजूची पूजा झाली की त्यात पहिल्यांदा लक्ष्मीला बसवीत. एका वर्षी माझ्या लक्षात आले की पाठ उंच झाली, पण वजन भरत नाही. मी तसे म्हटले. अण्णा म्हणाले, "वाढत्या अंगाची पोरगी हलकीच असते." ती मागचे पाय ओढत चाले, त्यालाही ते राणीची चाल म्हणत.

मग एका वर्षी नागपंचमीला गंगू माहेरी आली. अण्णांची ही एकुलती एक मुलगी बोलायला फटकळ. हातात बांबूची बुट्टी, तिच्यावर फडके. बुट्टीतून तिने लग्नात नेलेले कासव काढून ओट्यावर ठेवले. लक्ष्मी आणि हे कासव अण्णांनी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, मुठीएवढी असताना घेतलेली. दोघी बहिणीच म्हणायच्या. अण्णांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय दशा केलीस ग हिची! पाठ बघ. नुसतं ताट. खायला घालत न्हवता काय?"

"अप्पा, माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ पंगत असती. कासवाला कोण भरवत बसतंय? मागच्या शेतात सोडली. तीच चरती, तीच फिरती. दगडी म्हणतो आम्ही तिला."

"दगडी!"

"मग काय? दगडागत जड हाय. उचलून बघा."

अण्णांनी उचलले नाही. "सोन्यासारखं जनावर वाया घालवलंस," असे म्हणून ते आत जायला निघाले.

"थांबा तरी," गंगू म्हणाली. "नातवंडं बघून जावा."

तिने बुट्टीतले फडके पूर्ण दूर केले. खाली गवतावर तीन पिल्ले होती, लिंबाएवढी. टिकल्या, रेघा, सगळे जागच्या जागी. शेजारच्या मळ्यात कोणीतरी सोडलेला एक नर होता; पिल्ले शेताच्या बांधाला आपोआप निघाली, कधी अंडी घातली तेसुद्धा कळले नाही, असे गंगू सांगत होती. अण्णा ते ऐकत होते की नाही कोण जाणे. ते खाली बसले. लक्ष्मीला उचलून त्यांनी दगडीच्या शेजारी ठेवले.

दुकानात भांडे पारखताना ते त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारीत. तशी त्यांनी दगडीच्या पाठीवर मारली. टणक आवाज आला. मग लक्ष्मीच्या पाठीवर मारली. आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा मारली. मग तिच्या कवचाचा काठ अंगठ्याने दाबला. तो जाड कातड्यासारखा आत गेला आणि हळूहळू बाहेर आला.

पिल्ले त्यांनी एक दिवसही ठेवून घेतली नाहीत. "घेऊन जा. या घरात ठेवू नको," एवढेच ते गंगूला म्हणाले. सण असून ती रडत अमरगोळला परत गेली. तिला वाटले, अप्पा अजून रागावलेलेच आहेत.

संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "हिशेबनीस, मी इतकी वर्षं उभार उभार म्हणत होतो. ती सूज हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लक्ष्मीपुढे दुर्वा ठेवल्या, घोळ ठेवली, तांदुळजा ठेवला. ती मान आत घेऊन बसे. मऊ भात खाऊन तिची चोच झिजलीच नव्हती. पोपटासारखी खाली वळली होती. तिला गवत तोडता येईना. अण्णांनी पाला बारीक चिरून भातात कालवला. तिने भात उचलला आणि पाला तोंडातून बाहेर ढकलला. नुसता पाला ठेवला की ती काहीच खाईना.

सीताक्कांना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, हा सगळा प्रकार मुळीच पटला नव्हता. "माझ्या हातचं खाऊन आजवर कोण आजारी पडलंय?" असे त्या मला विचारीत. त्यांना 'लक्ष्मी' असे सांगणे मला जमले नसते. पंधरवडाभर हे चालले. मग एके दिवशी त्यांनीच ताट आणून अण्णांपुढे आदळले.

"उपाशी मारून तिची पाठ खाली बसणार हाय काय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आता काहीच खाली बसणार न्हाई."

"मग भरवा की!"

त्यांनी भरवले. पूर्वी ते भरवताना तिच्याशी बोलत. आता बोलत नसत. प्रत्येक घास काय करतो आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तो न दिला तर काय होईल हेही. मी माडीच्या खिडकीतून रोज पाहत असे. ते तर्जनी पुढे करीत आणि तोंड दुसरीकडे फिरवीत.

त्या दिवाळीत लक्ष्मीच्या पोटात अंडे अडले. तीन दिवस ती हलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी परसात खड्डा खणला. लक्ष्मीला केळीच्या पानावर ठेवून सीताक्कांनी हळदकुंकू वाहिले, तेवढ्यात धारवाडचे एक वकील आले. त्यांच्याकडेही नक्षत्री कासवांची एक जोडी होती. तिच्यात दाखवण्याजोगे काही नव्हते, म्हणून लक्ष्मीला पाहायला ते मुद्दाम आले होते. ती गेल्याचे त्यांना दारातच कळले.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. "असा घाट मी दुसरा पाहिला नाही," ते म्हणाले. "आमच्या कासवांच्या पाठी काही केल्या वर येत नाहीत. अण्णा, आता तरी सांगा. हिला काय घालत होता?"

"गवत घाला," अण्णा म्हणाले. "परसात सोडा आणि बघूसुद्धा नका तिकडं."

वकील माझ्याकडे पाहून हसले. "सांगायचं नसेल तर राहू द्या."

"खरं सांगतोय ओ, वकीलसाहेब. पाठ सपाट हाय तेच बरं हाय. ही रोगानं गेली. मी केलेल्या रोगानं."

"अण्णा, मी रोज साक्षीदार तपासतो. तुमचं दुःख मला समजतं. पण गवत खाऊन हे होत नाही."

"तेच सांगतोय मी!"

मीही मध्ये पडलो; वजनाचे, दगडीचे, सगळे सांगितले. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सीताक्कांकडे वळून विचारले, "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

सीताक्कांनी पदराने डोळे पुसले. "नैवेद्याचं ताट ओ, दुसरं काय? माझ्या हातचा वरणभात. एक दिवस चुकवला न्हाई. वर तुपाची धार."

अण्णा खड्ड्याच्या कडेला बसले होते. त्यांनी माती लोटायला सुरुवात केली.

वकिलांनी सीताक्कांना नमस्कार केला. तूप गाईचे की म्हशीचे, एवढे मात्र त्यांनी जाताना विचारून घेतले.