कौसाबाईचा दिवा अन् धक्क्याची गाडी

एका गाडीत रांधलं, निजलं अन् भांडलं का किस्से चुलीतल्या राखेवानी साचतेत. कितीही उपसा, खाली ऊनच!

आमचं बायांचं भजनी मंडळ. रशीदभाऊची जुनी मिनीबस हेच आमचं घर. बाकं काढून त्यानं अंथरुनाले जागा केली, वर पिवळे बल्ब लावले. कापसानं दगा देल्लेली सालं होती ती. गावंच्या गावं मुकी झाली होती. लोक बोलावत, "दोन भजनं म्हना वो, जरा बरं वाटते." अन् आमी निंघो.

*

आमच्यातल्या कौसाबाईचं एक होतं. सांज झाली का गाडीतला दिवा लावायचा, हात जोडायचे अन् आमी मंडपात गेलो तरी तो जळत ठेवायचा.

रशीदभाऊ म्हने, "आजी, बॅटरी उतरते. बत्ती बंद करू?"

"तिनीसांजेले घरातला दिवा विझवतेत काय रे?"

"घर कुठी हाय? गाडी हाय!"

"निजतो ना इथं? मंग घरच झालं!"

*

सकाळी बॅटरी खलास. मंग धक्का! इंजिन एकदा पकडलं का रशीदभाऊ थांबत नसे, थांबला का ते बंद पडे. आमी लुगडे खोचून "थांब रे, थांब!" वरडत मांगं पळो अन् चालत्या गाडीत चढो. कौसाबाईचे गुडघे गेलेले. ती आतूनच हुकूम सोडे, "जोर लावा वो! भाकरी खाल्ल्या ना?"

एका गावात एक म्हातारा हे पाहून राहिला होता. म्हने, "गाडी मंडळाले आनते, का मंडळ गाडीले?"

*

एक दिवस रशीदभाऊ बिघडला. "आता एकही धक्का लागला तं गाडी घरी नेतो. दुसरी पाहा!"

दुसरी कोन देते? गाडी गेली तं मंडळ मोडलं.

पन सांजेले कौसाबाईनं दिवा लावलाच!

*

शेवटी रशीदभाऊनंच अमरावतीहून एलईडी बल्ब आनले. "हे बॅटरी फक्त चाटतेत, पेत नाईत."

कौसाबाईनं पेटल्या बल्बले हात लावला. "थंडा हाय! हा कसला दिवा?"

खंजिरीवाली गोदाबाई तं रुसलीच. पावसाळ्यात चामडं सैल पडलं का ती पिवळ्या बल्बावर शेके. "आता काय फुंकून तापवू?"

अन् त्या पांढऱ्या उजेडात आमाले एकमेकींची तोंडं पहिल्यांदा नीट दिसली.

"अवो, तुमी इतक्या म्हाताऱ्या कवा झाल्या?"

"तुमच्याच संगं!"

*

दुसऱ्या दिवशी हिवरखेडले भजन होतं. आदल्या सांजेपासून दिवा जळलेला. गाडी चालू होते का नाई, कोनाले भरोसा! कौसाबाई आत बसली. बाकीच्या आमी सवयीनं मांगं उभ्या, पदर खोचून, हात गाडीले टेकवून. रशीदभाऊची धमकी ध्यानात होती, जोर मातर लावला नाई.

रशीदभाऊनं चावी फिरवली. घर्रर्र! पहिल्याच झटक्यात!

हाताखालून गाडी निंघून गेली. आमी मांगं पळालो, "थांब रे, थांब!" पन गाडी हाती लागली नाई. रशीदभाऊले वाटलं, रोजचंच हाय. कौसाबाई आतून वरडली, पन तिचं वरडनंही रोजचंच!

आमी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मागाहून पोचलो. मंडप भरलेला. मधात कौसाबाई एकटी भजन म्हनून राहिली, रशीदभाऊ गोदाबाईची खंजिरी वाजवून राहिला. बाजूले गाडी उभी, भर दुपारी आतला दिवा पेटलेला.

कौसाबाईनं कडवं पुरं केलं, मंग आमच्याकडं पाह्यलं.

"या वो बाया, बसा. गाडीले धक्का लागला नाई ना?"