फोडणीवर पळणारी गाडी

मोबाईलवर बर्फात कुत्री गाडी ओढताना बघितली आणि माझं डोकंच फिरलं. कागलजवळच्या आमच्या रानात बर्फ कुठला! मी हलक्या गाड्याला सायकलची चाकं लावून घेतली, घरची शर्यतीची सहा कुत्री गाडीला जुंपून तयार केली आणि ‘कुत्रागाडीची सफर’ असा बोर्ड ठोकला.

पहिले पाहुणे पुण्याचं जोडपं. मला तर धीरच धरवेना. पण आई दारात आडवी.

“पावणं जेवल्याबिगर जायचं न्हाईत. मटण चुलीवर हाय की!”

“आई, ही सफर हाय, लग्न न्हाय!” मी ओरडले आणि गाडी सोडली.

उसाच्या वळणापर्यंत कुत्री रमतगमत गेली. तेवढ्यात वाऱ्यावर फोडणीचा वास आला. आमच्याकडं पाहुण्यांची पंगत उठली की हाडं कुत्र्यांची, हे त्यांना पक्कं ठाऊक. सहाच्या सहा गर्रकन वळली आणि घराकडं सुसाट सुटली! मी मागं उभी राहून ब्रेक दाबतेय, पाहुण्यांची टोपी उडाली, बाई किंचाळतायत. गाडी थेट सैपाकघराच्या दाराशी थांबली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागणार, तोवर बाई हसत ओरडल्या, “पुन्हा एकदा!”

आता आमची सफर रानाच्या पार टोकाच्या बांधावरून सुटते, घराकडं. सगळे बसले की मी फक्त आईला फोन लावते, “घाल फोडणी!”